फ्लेमिंगोंचं मावंदं

जामनगरच्या खाडीवर जायचं आणि रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, एक बरा फोटो काढून परत यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. एक फोटो. दोनसुद्धा नाहीत. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सतरा माणसं, अकरा गोधड्या आणि छापील पत्रिका येणार आहेत, आणि त्यांतली एकही गोष्ट माझ्या डोक्यातून निघालेली नाही. तरीही आमच्या कॉलनीत आजतागायत ती ‘विधात्यांनी काढलेली सहल’ म्हणूनच ओळखली जाते, आणि विधाते म्हणजे मी.

गोष्ट नव्व्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर बेअरिंगचे व्यास मोजायचे आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायचे, असं माझं आयुष्य होतं. आदल्या वर्षी गावातल्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात मी खंड्याचा फोटो पाठवला होता. तो त्यांनी ‘निसर्गदृश्य’ विभागात लावला. परीक्षकांनी खाली शेरा दिला की फांदीची रचना छान आहे, पण चित्रात काही सजीव असतं तर मजा आली असती. खंड्या त्या फांदीवर बसलेला होता. लहान होता, पण होता. छायाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझी समजूत काढायला म्हटलं, “अहो, मला दिसला. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा.”

त्यानंतर मी एक जुनी, लांबलचक रशियन लेन्स मिळवली आणि ठरवलं की यंदाच्या प्रदर्शनात असा पक्षी द्यायचा जो परीक्षकांना बोट न ठेवता दिसेल. रोहित पक्षी चार-साडेचार फूट उंच आणि वर गुलाबी. म्हणजे चुकायची शक्यताच नाही. प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होतं.

माझी पहिली चूक अशी की मी हे शेजारच्या खंडेरावांना सांगितलं. खंडेराव एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. महाराष्ट्रातली कुठलीही गाडी कुठून किती वाजता सुटते ते त्यांना पाठ आहे, आणि ज्या ठिकाणी ती जात नाही ते ठिकाण त्यांच्या मते जाण्यासारखं नसतं.

“जामनगर कशाला?” ते म्हणाले. “निफाडला जा. नांदूर मधमेश्वरला पक्षीच पक्षी आहेत. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी जेवायला.”

मी त्यांना सांगितलं की नांदूर मधमेश्वरला मी अकरा वेळा गेलो आहे. रोहित तिथे येतात, नाही असं नाही. पण मी पोचायच्या आदल्या दिवशी जातात किंवा मी परतल्यावर येतात. तिथला राखणदार मला बघितलं की लांबूनच हात हलवून ‘नाहीत’ अशी खूण करतो.

“मग तुमच्या पायगुणाचा प्रश्न आहे,” खंडेराव म्हणाले. “तो जामनगरलाही तुमच्याबरोबरच येईल.”

दुसरी अडचण रजेची. त्या वर्षी आमच्या कारखान्यात आयएसओचं ऑडिट येणार होतं, आणि ऑडिट येणार म्हटल्यावर भिंतींनाही रजा मिळत नव्हती. साहेबांनी माझा अर्ज न वाचता परत केला. पर्सोनेलच्या शुभांगी मॅडमना माझी दया आली. त्यांनी हळूच सांगितलं की साधी रजा नाकारता येते, पण एलटीएची, म्हणजे प्रवासभत्त्याची रजा नाकारायची पद्धत नाही. युनियन भांडते.

“फक्त त्यात कुटुंब बरोबर पाहिजे,” त्या म्हणाल्या. “आणि प्रवासाचं कारण लिहावं लागतं. विश्रांती, लग्नकार्य की तीर्थयात्रा?”

“पक्षी बघणे.”

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “तसा रकाना नाहीये हो. जामनगरच्या पुढेच द्वारका आहे ना? तीर्थयात्रा टाकते. कोण बघतंय?”

कोण बघतंय ते संध्याकाळी कळलं. आई घरी मंजुरीचा कागद हातात घेऊन बसली होती. आई, म्हणजे चतुराबाई, जन्मभर मळ्यात भाजी आणि झेंडू पिकवलेली बाई. सही करण्यापुरतं लिहिते, पण वाचायचं ते सगळं वाचते.

“भाऊ, द्वारकेला चालला आन् मला बोलला नाय?”

“आई, द्वारकेला नाही. द्वारकेच्या अलीकडे. तिथे पक्षी आहेत.”

“देवाच्या दारापासून माघारी यायचं? पाखरं बघून?” आईने कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला. “असं नसतं रं करत. लोकं काय म्हणतील ते सोड, देव काय म्हणंल?”

मी ठरवलं, ठीक आहे, चौथा दिवस द्वारकेला देऊ. तीन माणसं, रेल्वे, सुटसुटीत. आईने तेवढ्यात मळ्यावर आपल्या बहिणीला, ठमाबाई मावशीला, निरोप धाडला. मावशी म्हणाली, एकटी कशी येऊ, जाऊबाईंना घेते. जाऊबाईंनी व्याह्यांना विचारलं. चार दिवसांनी खंडेराव वही घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सतरा झालेत. आता रेल्वे नको, मिनीबस करू. आम्ही दोघंही येतोय. आणि तुमच्यावर एक जबाबदारी टाकलीय. मी सगळ्यांना सांगितलंय की फोटोग्राफर आपल्या घरचाच आहे.”

हे वाक्य मी त्या वेळी नीट ऐकलं नाही. माणसाचं नशीब फिरतं तेव्हा एवढ्याच हळू आवाजात फिरतं.

आता मावंद्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे तीर्थयात्रेहून आलं की मावंदं घालतात. आणलेल्या तीर्थाची पूजा करायची आणि भावकीला, शेजाऱ्यांना पुरणाचं जेवण घालायचं. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. हे यात्रेनंतर करायचं असतं, हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि आमच्या भटजींनाही माहीत असावं. पण भटजी म्हणाले की यात्रेनंतर लगेचचा एकच चांगला दिवस आहे, रविवार, पुढे महिनाभर त्यांना वेळ नाही. त्यामुळे आम्ही निघायच्या आधीच मावंद्याच्या पत्रिका छापून वाटल्यासुद्धा गेल्या. ‘आमची द्वारकायात्रा श्रीकृपेने निर्विघ्न पार पडल्याप्रीत्यर्थ’ असं त्यावर छापलं होतं. त्या वेळी बससुद्धा ठरलेली नव्हती. निर्विघ्न पार पडलेली ही एकमेव यात्रा असेल जिची विघ्नं नंतर सुरू झाली.

या पत्रिकेमुळे झालं काय, की रविवारी सकाळी नाशकात असणं भाग पडलं. मग सगळे दिवस मागून पुढे मोजले गेले. एक देऊळ, दुसरं देऊळ, मावशीच्या व्याह्यांनी सांगितलेलं तिसरं देऊळ. माझ्या खाडीसाठी तीन सकाळी होत्या, त्या दोन झाल्या, मग एक, आणि शेवटी खंडेरावांच्या वहीत मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, ‘शुक्रवार, पक्षी (अर्धा तास, चहासह).’

मधल्या काळात मी खाडीवर फोटो काढायच्या परवानगीचं पत्र मिळवायला एका सरकारी कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाने फार सौजन्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुजरातचे पक्षी आमच्या अखत्यारीत येत नाहीत. निफाडचे चालत असतील तर आत्ता देतो.” मी म्हटलं, चालत नाहीत. त्याला वाईट वाटलं असावं. खाडीवर पुढे कुणी पत्र विचारलंही नाही.

निघताना कडाक्याची थंडी होती. निफाडकडे दवाचं बर्फ झाल्याच्या बातम्या होत्या. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की समुद्राकाठी उबदार असतं, म्हणूनच पक्षी तिकडे जातात. मावशी म्हणाली, “पाखरांला पिसं हायेत. मला काय हाय?” तिने गोधडी घेतली. ते बघून सगळ्यांनी घेतल्या. अकरा गोधड्या बसमध्ये चढल्यावर माझ्या लेन्सला जागा उरली नाही. ती मी पाच दिवस मांडीवर तान्ह्या मुलासारखी घेऊन बसलो. द्वारकेत सगळे घामाने निथळत होते, तरी गोधडी आणली आहे म्हणून रात्री पांघरत होते.

आमच्या ड्रायव्हरचं नाव बहिरू. हरसूलकडचा, बोलायला कमी आणि हॉर्नला जास्त. त्याला पक्षी, देव, माणसं कशातच रस नव्हता. त्याला फक्त रविवार माहीत होता, कारण मावंद्याचं आमंत्रण त्यालाही होतं.

फोटोंचं म्हणाल तर मी छत्तीस फोटोंचे पाच रोल घेतले होते. नाशिक सोडून तासभर झाला नाही तोच बस चहाला थांबली आणि खंडेरावांनी सगळ्यांना बससमोर उभं केलं. “चला विधाते, शुभारंभ.” मी एक काढला. मावशीने डोळे मिटले होते म्हणून दुसरा काढला. मग जाऊबाईंना वेगळा हवा होता, कारण पहिल्यात त्या मावशीच्या मागे झाकल्या गेल्या होत्या. असं प्रत्येक थांब्यावर. पूल आला, फोटो. उंट आला, फोटो. मावशीची एक अडचण होती, ती फोटोत श्वास रोखायची आणि कळ दाबायच्या क्षणी डोळे मिटायची. मग स्वतःच विचारायची, “मिटले का रं?” आणि मी खोटं बोलू शकत नसे. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती असं नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, “हे रोल मी पक्ष्यांसाठी आणलेत.” मग जाऊबाई मागून हळूच म्हणाल्या, “आम्ही काय पाखरांच्यापेक्षा वाईट दिसतो व्हय?” त्यानंतर मी मुकाट्याने काढत राहिलो.

चार रोल द्वारका येईपर्यंत जवळजवळ संपले. पाचवा मी लपवला. डबीत ठेवला असता तर डबीवरून कुणीही ओळखला असता, म्हणून डबीतून काढून माझ्या मोज्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला. धर्मशाळेत दुपारी मी झोपलो असताना छायाने सगळ्यांचे कपडे धुवायला काढले. ती फार नीटनेटकी बाई आहे, मोजे उलटे करून धुते. पण त्या दिवशी एवढा ढीग होता की तिने तो जोडा तसाच साबणाच्या पाण्यात टाकला आणि वर धोपटण्याचे दोन तडाखेही घातले.

“मला वाटलं, आत तुमची विक्सची डबी राहिली,” ती ओल्या रोलकडे बघत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे मला चिडताही आलं नाही. चिडायला हक्काची जागा लागते, ती माझ्याकडे राहिलीच नव्हती.

कॅमेऱ्यात जो चौथा रोल होता, त्यात एक फोटो शिल्लक होता. छत्तिसावा. तो मी कुणालाच सांगितला नाही. विचारलं की म्हणायचं, संपले. दुकानात नवा रोल घेऊ म्हटलं, तर द्वारकेत देवळांतून सवड मिळाली नाही, आम्ही जामनगरला पोचलो तेव्हा दुकानं मिटली होती, आणि सकाळी निघालो तेव्हा उघडली नव्हती.

शुक्रवारी पहाटे उजाडता उजाडता बहिरूने मिठागरांच्या कडेला बस उभी केली. “अर्धा तास, साहेब. मंग मी हॉर्न देतो.” सगळे गोधड्यांत गाढ झोपले होते. मी लेन्स लावली आणि बांधावर उतरलो. वारा गरम होता आणि चिखलाचा खारट वास येत होता. दहा पावलांत मी दोनदा घसरलो. मागून आवाज आला, “टाच नको टेकवू. बोटं रोवून चाल.” आई होती. वहाणा हातात घेऊन अनवाणी येत होती, आणि त्या निसरड्या बांधावर ती मळ्यातल्या पाटावर चालावं तशी चालत होती. मला थोडं वाईट वाटलं. हा माझा छंद होता.

आणि मग ते दिसले. हजार असतील, दोन हजार असतील. उथळ पाण्यात लांबवर उभे, उन्हाची पहिली तिरीप पडल्यावर सगळी खाडी गुलाबी दिसायला लागली. मी पंधरा वर्षं पुस्तकांत बघत आलो होतो. 

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ह्याच्यासाठी आला व्हय तू?”

“हो.”

“चांगले हायेत.” आणि म्हणाली, “आम्ही तुझा लय घोळ केला.”

पाच दिवसांत मला कुणी इतकं समजुतीचं बोललं नव्हतं. मी तिला खरं सांगून टाकलं, की एकच फोटो उरलाय. ती म्हणाली, “मंग नीट बघून काढ. घाई करू नको.”

पण रोहित पक्षी माना खाली घालून खातो. दोन हजार पक्षी आणि दोन हजार माना पाण्यात. मला लेन्समधून नुसती गुलाबी ढुंगणं दिसत होती. मी कळीवर बोट ठेवून थांबलो. वीस मिनिटं गेली. बहिरूने पहिला हॉर्न दिला. त्या आवाजाने काही पक्ष्यांनी माना वर केल्या, अगदी हव्या तशा, बाकदार, एकमेकांसमोर. मी श्वास रोखला.

“भाऊ,” आई शेजारून म्हणाली, “माझा येकबी निघाला नाय ना रं?”

मी डोळा काढला नाही. “काय?”

“फोटू. समदे फोटूला उभे राह्यले की वहाणा आन् पिशव्या माझ्याकडंच. काय नाय, आसंच इचारलं. तू काढ तुझा.”

मी मनातल्या मनात चारही रोल चाळले. खरंच नव्हती. एकशे त्रेचाळीस फोटो काढले होते मी, त्यांत उंट तीन वेळा होता.

“तुझ्या बापाचा नव्हता ना काढलेला,” आई पक्ष्यांकडेच बघत सांगू लागली, अगदी साध्या आवाजात. “मंग त्यो ओळखपत्रावरचा मोठा केला. गालावर शिक्का आलाय. रोज हार घालते आन् रोज त्यो शिक्का बघते. माझ्या टायमाला तुमची तशी धावपळ नको व्हायला. पण आता र्‍हाऊ दे. घरी गेल्यावर काढ कधी.”

घरी गेल्यावर कधी, याचा अर्थ आमच्या घरात मला चांगला माहीत आहे. वडिलांनाही आम्ही तेच म्हणत होतो.

मी खूप चिडलो. तिच्यावर नाही, कुणावर ते मला अजून सांगता येत नाही. पक्ष्यांच्या माना अजून वर होत्या. मी कॅमेरा वळवला. तर त्या लेन्समधून आईचं फक्त नाक दिसत होतं, तेही पुसट. साधी लेन्स बसमध्ये, कुणाच्या तरी गोधडीखाली. मी म्हटलं, “आई, तिथेच थांब. हलू नको,” आणि पक्षी तिच्या पाठीशी येतील असा मागे सरकायला लागलो. चार पावलं, सहा, दहा. बांध संपला आणि मी पाण्यात उतरलो. चिखल पोटरीपर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. आईने पदर सारखा केला, हात जोडावेत की सोडावेत हे तिला कळेना. “बोटं रोव,” ती ओरडली. मी बोटं रोवली नाहीत. डावा पाय आत गेला, मी तिरका होत चाललो, आणि मला बघून आई हसली. त्याच वेळी मी कळ दाबली. मग बसलो. चिखलातच बसलो, कॅमेरा डोक्यावर धरून.

बहिरूने दुसरा हॉर्न दिला आणि सगळे रोहित एकदम उडाले. पंखांखाली तो लाल-काळा रंग असतो, तो आख्ख्या आभाळात पसरला. मी तो नुसत्या डोळ्यांनी बघितला. रोल संपला होता.

मावंदं पत्रिकेप्रमाणे रविवारी पार पडलं. पुरण चांगलं झालं होतं. खंडेरावांनी प्रत्येक पंगतीत यात्रेचं वर्णन केलं, त्यात पक्ष्यांचा उल्लेख ‘वाटेत विधात्यांमुळे थोडा उशीर झाला’ असा आला. प्रदर्शनाला मी काही पाठवलं नाही. मंडळाचे चिटणीस भेटले तेव्हा म्हणाले, निसर्गदृश्यं यंदा कमी आली, तुमची आठवण निघाली.

तो छत्तिसावा फोटो मी मोठा करून घेतला. आई त्यात कमरेपासून वर आहे, वाऱ्याने पदर थोडा उडालाय, आणि मुलगा चिखलात पडताना बघून आई जशी हसेल तशी हसते आहे. सुरकुतीन् सुरकुती मोजता येईल इतका स्पष्ट. मागे सगळं धूसर, गुलाबी.

खंडेराव चष्मा वर करून तो निरखत राहिले. “छान आलाय,” ते म्हणाले. “कुठल्या स्टुडिओत काढला? पडदा भारी आहे.”

दोन हजार रोहित पक्षी होते ते. मी तोंड उघडलं, पण आईने मला बोलू दिलं नाही. तिने फोटो त्यांच्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवून मला म्हणाली, “ह्यांच्या शेजारी खिळा ठोक. पण लोकांला सांगून ठेव, ह्यो पुढच्यासाठी हाय. आत्ता नुसता बघायचा.”

मी खिळा ठोकायला घेतला. भिंत जुनी आहे, प्लास्टर पडतं, म्हणून छाया म्हणाली, बारका खिळा पुरे. मी चांगला तीन इंची घेतला.